जिज्ञासूपासून पाळकापर्यंत

बीडहून मांजरसुंब्याला आलं आणि पाटोद्याचा रस्ता धरला की वाटेत लिंबागणेश लागतं. भालचंद्र गणपतीचं गाव म्हणून ते पंचक्रोशीत ओळखलं जातं. हाच रस्ता पुढे पाटोदा, जामखेड करत अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला जातो. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचं एक मोठं प्रकरण या रस्त्याच्या त्या टोकाला घडलं. नगर १८१८ साली इंग्रजांकडे गेलं, बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं आणि शाळा, ‘ज्ञानोदय’ हे पत्र, उपदेशकांचे वर्ग सगळं तिकडे उभं राहिलं. मराठवाड्याच्या बाजूला तसं काम दिसतं ते जालन्यात. मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि त्यांनी जवळच बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली.

माणूस ख्रिस्ती कसा होतो आणि ख्रिस्ती उपदेशक कसा तयार होतो, याबद्दल बाहेरच्यांच्या मनात सहसा दोन चित्रं असतात. एक दिवस डोक्यावर पाणी पडलं की माणूस ख्रिस्ती झाला, आणि बोलायला चांगला असला की उपदेशक झाला. प्रत्यक्षात दोन्ही वाटांवर टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर माणसाला थांबवून ठेवायची रीत आहे. ती कशी चालते, हे नगर-पुण्याकडच्या ओळखीच्या माणसांच्या आधाराने पाहू.

सुरुवात बहुतेक वेळा वाचनाने किंवा ऐकण्याने होते. नारायण वामन टिळकांची गोष्ट सर्वांत जास्त सांगितली जाते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. काव्यावर बोलणं निघालं, धर्मावर आलं, आणि उतरताना त्याने बायबलची प्रत हातात ठेवली. टिळकांनी वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. इथपर्यंतचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. गाडीतली भेट आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये जवळजवळ दोन वर्षं गेली, ही गोष्ट मात्र सांगताना गळते. त्या काळात वाचन, पत्रव्यवहार, घरातली अस्वस्थता, जातीचं भय, सगळं चालू होतं. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून.

बाबा पदमनजींची वाट आणखी लांब. ते १८३१ साली बेळगावात जन्मले, मिशनच्या शाळांत शिकले, मुंबईला आले, जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेत वावरले. आपलं सगळं सोडायची तयारी होईना आणि पटलेलं नाकारवेना, अशा ओढाताणीत काही वर्षं काढून त्यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही ओढाताण त्यांनी पुढे स्वतः लिहिली आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत चित्र वेगळं होतं. तिथे पुस्तकापेक्षा ऐकणं जास्त आणि एकट्या माणसापेक्षा नातेवाइकांचा गोतावळा जास्त. सुरुवातीला आलेल्यांत महार समाजातले गुरू होते, कबीरपंथाच्या वळणाने निर्गुण भजन म्हणणारे. मूर्तीशिवायची भक्ती आणि भजनातून उपदेश, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. गुरू वळला की त्याचे शिष्य ऐकू लागत. कादंबरीकारांना ब्राह्मण धर्मांतरितांची गोष्ट आवडते, पण नगरच्या मंडळ्या भरल्या त्या महार-मांग वाड्यांतल्या माणसांनी, हे विसरून चालणार नाही.

आता कुणी पाळकाकडे जाऊन ‘मला ख्रिस्ती व्हायचंय’ म्हणाला तर काय होतं? मंडळीच्या भाषेत तो जिज्ञासू ठरतो. त्याने उपासनेला बसावं, गाणी म्हणावीत, शिकवणीला यावं, एवढं चालतं. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला मात्र त्याच्याकडे येत नाही. शिकवणीत दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार, येशूचं चरित्र आणि बाप्तिस्म्याचा अर्थ हे भाग असतात. जुन्या मिशनांत यासाठी प्रश्नोत्तरीची छोटी पुस्तकं होती आणि वाचता न येणाऱ्याला ती तोंडपाठ करवून घेत. मग पाळक आणि मंडळीतली वडीलमंडळी त्याला समोर बसवून विचारतात: का यायचंय? घरी काय म्हणतात? दारू, दुसरी बायको, सावकारी असलं काही आहे का? शेजाऱ्यांकडूनही त्याची चौकशी होत असे. उत्तरं पटली नाहीत तर ‘अजून थांब’ असं सांगत, आणि हे थांबणं महिन्यांचं असे तसं वर्षांचंही.

कॅथलिकांत हीच गोष्ट जास्त बांधीव आहे. बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. तिथे मोठ्या वयात येणाऱ्याला दीक्षार्थी म्हणून ठरावीक काळ शिकवतात, त्याच्यामागे एक धर्मपिता किंवा धर्ममाता उभी असते आणि बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत देतात. प्रॉटेस्टंटांची बाजू थोडी पसरट. नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या पुढे संयुक्त मंडळीत गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, म्हणजे सीएनआयमध्ये, सामील झाल्या. सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा चालतो आणि जाणत्या वयात घेतलेलाही चालतो. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी बिशपसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, त्याला दृढीकरण म्हणतात.

वयाचा मुद्दा इथे आला आहे तर एक जुना खटला सांगायलाच हवा. नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांचा. १८४३ मध्ये तो थोरल्या भावामागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मग वेगळाच वाद पेटला: मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. अजाण मुलाला आईबापांच्या संमतीवाचून हात लावायचा नाही, ही सावधगिरी अशा खटल्यांनी शिकवली. आजही जबाबदार पाळक हा नियम पहिला पाळतो.

थांबवून ठेवण्याची रीत कुठे ढिली पडली? दुष्काळात. १८७६-७८ आणि नंतर १८९६ ते १९०० या काळात दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली. मिशनांनी अन्नछत्रं आणि अनाथालयं काढली, कामं काढली आणि त्याच वर्षांत बाप्तिस्म्यांचे आकडेही वाढले. टीकाकार म्हणाले, पोटासाठी आले. मिशनमधलेही काही जण तसंच म्हणत होते. माझं मत विचाराल तर त्यात थोडंच खरं आहे. उपाशी माणसाला जो जगवतो त्याच्या देवाबद्दल त्याला कुतूहल वाटणं यात खोटं काही नाही. पण त्याची शिकवणी घाईत उरकून नोंदवहीत नाव चढवणं ही चूक होती, आणि पाऊस आल्यावर परत गेलेली कुटुंबं हा त्या चुकीचा दाखला आहे.

बाप्तिस्म्यानंतर वाट संपते असंही नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की तेव्हा आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला मात्र आणखी सात-आठ वर्षं लागली. नियमांनी भरलेल्या वह्या आणि पंथापंथांतली भांडणं यांत त्या वेळी त्या चाचपडत होत्या. मोठ्या माणसाने एवढं प्रांजळ लिहिणं विरळा.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही आपलं सोवळं घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी घाई केली नाही. जातीचं बंधन हळूहळू सुटत गेलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून चार भागांत निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं त्यांनी हसत-हसवत सांगितलं आहे. मंडळीत ‘साक्ष’ द्यायची पद्धत असते: आधी मी असा होतो, मग असं घडलं, आता मी असा आहे. ऐकायला ती सुबक वाटते. ‘स्मृतिचित्रे’त तशी एकही सुबक साक्ष सापडत नाही, म्हणून मला ते पुस्तक जास्त विश्वासार्ह वाटतं.

कागदपत्रांची बाजू कोरडी आहे पण माहीत हवी. बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या नोंदवहीत होते. सरकारदरबारी धर्म किंवा नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी ही वेगळी वाट. १८५० च्या कायद्यापासून धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ मुळे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारस होता येत नाही. आणि सर्वांत जड गोष्ट: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. लिंबागणेशच्या आसपासच्या वाड्यांत कुणी हा विचार करत असेल तर शिष्यवृत्तीपासून राखीव जागेपर्यंत काय जाणार आहे, हे त्याला पाळकाने आधी सांगितलं पाहिजे. न सांगणारा पाळक त्याची फसवणूक करतो. धर्मांतराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतही आहेत, म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारावं.

आता प्रशिक्षण. जुन्या नगरमध्ये पायऱ्या अशा होत्या: सर्वांत खाली खेड्यातला शिक्षक, जो आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना चालवी. त्याच्यावर उपदेशक, जो गावोगाव फिरे. त्याच्यावर दीक्षित पाळक. नगरच्या मंडळीत १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तोवर मंडळी मिशनऱ्यांच्या हातात होती, तिथून ती मराठी माणसांकडे सरकू लागली. १८७८ मध्ये पाळक-उपदेशकांसाठी नगरला रीतसर ईश्वरविज्ञान विद्यालय सुरू झालं. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी ते अनेक वर्षं चालवलं. ह्यूम यांचा जन्म मुंबईतला, मिशनरी घराण्यातला, त्यामुळे मराठी त्यांना बालपणापासून कानावर. बाकीच्या परदेशी मिशनऱ्यांना मात्र आधी मराठी शिकण्यासाठी पंडिताकडे बसावं लागे.

या विद्यालयात टिळक शिकवायला आले आणि तिथे एक मोठा फरक पडला. प्रवचन कसं बांधावं हे अमेरिकन पद्धतीने शिकलेले तरुण गावात जाऊन बोलले की बायाबापड्या उठून जात. कीर्तन मात्र त्या रात्र रात्र ऐकत. नगरच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांच्यासारखे लोक ख्रिस्ती कीर्तन करतच होते. टिळकांनी अभंग, ओवी, पदं यांचा ओघच सुरू केला. येशूच्या दाखल्यावर पूर्वरंग, चरित्रावर उत्तररंग, मध्ये टाळ-मृदंग. उपदेशक तयार करायचा तर त्याला ताल कळला पाहिजे, हे नगरने ओळखलं. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये टिळकांची गाणी भरपूर आहेत. स्वतः टिळकांना मात्र मिशनच्या पगाराच्या चौकटीतलं काम पुढे पुढे जाचू लागलं. १९१७ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार वाढला नाही.

बायकांचं प्रशिक्षण वेगळं चाले. बायबलबाई हा त्या काळातला ओळखीचा शब्द. बहुतेकदा विधवा, वाचायला मोठेपणी शिकलेली. तिला गोष्टी पाठ करवून देत, गाणी शिकवत, दुखण्याखुपण्यावरचे साधे उपाय सांगत, आणि पुरुष उपदेशकाला जिथे शिरता येत नसे त्या माजघरांत ती जाऊन बसे. केडगावच्या मुक्ती सदनात, निराधार बायका-मुलींसाठीच्या आपल्या संस्थेत, रमाबाईंनी याचा मोठा विस्तार केला. तिथे मुली छापखाना चालवत, शेती करत, विणकाम करत, आणि १९०५ मध्ये तिथे झालेल्या धार्मिक जागृतीनंतर त्यांच्या टोळ्या जवळपासच्या गावांत प्रार्थनेसाठी आणि सुवार्ता सांगण्यासाठी जात. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही याच मुलींच्या हातांनी जुळवलं आणि छापलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण होऊन बाहेर आलं.

आज मराठवाड्यातल्या तरुणाला पाळक व्हायचं असेल तर सीएनआयसारख्या मंडळीत पहिली पायरी ईश्वरविज्ञान महाविद्यालय नसून त्याची स्वतःची मंडळी आहे. तिथे त्याने रविवारची शाळा घेतली पाहिजे, घरोघर भेटी दिल्या पाहिजेत. पाळकाची आणि मंडळीच्या समितीची शिफारस मिळाली तर धर्मप्रांताकडे अर्ज जातो, मुलाखती होतात. मग शिक्षण. या क्षेत्रातल्या पदव्या बहुधा बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटकडून मिळतात. सेरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली, कारण ते गाव तेव्हा डेन्मार्कचं होतं. त्याचे एक संस्थापक विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, एवढं मराठी नातं तिथेही आहे. बी.टीएच. ही ईश्वरविज्ञानातली पहिली पदवी, तर बी.डी. साधारणपणे पदवीधरासाठी, तीन-चार वर्षांची. जुना करार, नवा करार, हिब्रू-ग्रीकची तोंडओळख, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन, प्रवचनशास्त्र असे विषय. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी महाराष्ट्रातली मोठी संस्था. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली.

पदवी मिळाली म्हणजे दीक्षा मिळाली असं नाही. मधे पुन्हा परिवीक्षेचा काळ, एखाद्या ज्येष्ठ पाळकाच्या हाताखाली. अंत्यविधी, आजाऱ्याची भेट, भाऊबंदकीतली मध्यस्थी, मंडळीचे हिशेब, हे वर्गात शिकवून येत नाही. मग आधी डीकन, नंतर प्रिस्बिटर, म्हणजे पूर्ण दीक्षित पाळक. कॅथलिक धर्मगुरूची वाट याहून लांब: बारावीनंतर प्राथमिक गुरुकुल, तत्त्वज्ञान, एक वर्ष प्रत्यक्ष काम, मग चार वर्षं ईश्वरविज्ञान, सगळी मिळून दहाच्या आसपास वर्षं. पुण्याची पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली होती, १९५५ मध्ये पुण्यात आली. या सगळ्याच्या शेजारी काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणारे वर्गही निघाले आहेत. तिथून बाहेर पडलेला उत्साही असतो, पण बायबलमधल्या अवघड जागेवर किंवा गावातल्या भांडणावर तो अडतो, आणि त्याची किंमत मंडळी मोजते.

मिशनचं काम म्हणजे फक्त प्रचार का? याचं उत्तर लिंबागणेशच्या रस्त्यावरच, जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे राहुरीचे, ख्रिस्ती घरातले. ते आणि डॉ. मेबल, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकले आणि खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं त्यांनी लग्नावेळीच ठरवलं. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांचं प्रशिक्षण पाहण्यासारखं आहे. गावाने निवडलेल्या बाया, पुष्कळ निरक्षर, दलित, टाकलेल्या, दर आठवड्याला जामखेडला येत. एका वेळी एकच विषय: हगवण, बाळंतपण, कुष्ठरोग. गावी जाऊन तो वापरायचा, पुढच्या आठवड्यात काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, मग पुढचा विषय. या बायांना धर्म विचारला गेला नाही, बदलायला सांगितला गेला नाही. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोळ्यांच्या श्रद्धेची साक्ष हवी असेल तर ती या कामातच आहे.

तेव्हा कुणाला या वाटेने जायचं असेल, किंवा घरातलं कुणी निघालं असेल, तर शिकवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. बाप्तिस्म्याआधी किती दिवस शिकवणार? दाखले, सवलती, वारसा यांचं काय होणार, हे लिहून देणार का? प्रशिक्षणानंतर पदवी कोण देणार? आणि पगार कुठून येणार? या चौथ्या प्रश्नाला परदेशी देणगी असं उत्तर आलं तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी चालू आहे का, तेही पाहा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यावाटेच येऊ शकतो. या प्रश्नांवर चिडणाऱ्याकडे शिकायला जाऊ नका.